न कमावलेल्या पगारातून भरलेली फी

एक व्यवहार डोळ्यांसमोर आणा. टेबलाच्या अलीकडे अठरा वर्षांचा मुलगा बसला आहे. नावावर जमीन नाही, घर नाही, नोकरी नाही. मिशीसुद्धा नीट फुटलेली नाही. पलीकडचा साहेब त्याला चार लाख रुपये द्यायला निघाला आहे. तारण? काही नाही. मुलगा चार वर्षं शिकेल, पास होईल, मग नोकरी लागेल, मग पगार सुरू होईल आणि त्या पगारातून तो पैसे फेडील. यातलं एकही अजून घडलेलं नाही.

नांदेड जिल्ह्यातली उमरी ही कापसाची जुनी बाजारपेठ. उभ्या पिकावर आगाऊ पैसे उचलणं इथल्या शेतकऱ्याला नवं नाही. पण तिथे पीक निदान उभं तरी असतं! व्यापारी बांधावर जाऊन बोंडं मोजून येऊ शकतो. शैक्षणिक कर्जात बँक ज्या पिकावर पैसे देते त्याची पेरणीही व्हायची असते, आणि रान असतं कवटीच्या आत.

बरं, बुडालं तर काय ओढून नेणार? ट्रॅक्टरचे हप्ते थकले तर ट्रॅक्टर नेता येतो. पदवी नेता येत नाही. थर्मोडायनॅमिक्स डोक्यातून काढून लिलावात मांडता येत नाही. मिल्टन फ्रीडमन या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९५५ साली एका लेखात नेमक्या याच कोड्यावर बोट ठेवलं होतं: गुलामगिरी बंद झालेल्या जगात माणूस गहाण ठेवता येत नाही, म्हणून त्याच्या शिक्षणावर पैसे लावायला सावकार पुढे येत नाही. तरीही जगभरात हे कर्ज दिलं जातं, आणि बहुतेक मुलं ते फेडतातही. हे जमतं कसं? त्यासाठी एकच प्रश्न धरून चालू. शिक्षणातून पुढे काही निघालंच नाही, तर तो फटका कुणी सोसायचा?

उमरीत बँकेचं नाव काढलं की जुन्या माणसांना कर्ज आठवायच्या आधी १९४८ आठवतं. त्या वर्षी ३० जानेवारीला हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या सशस्त्र कार्यकर्त्यांनी हैदराबाद स्टेट बँकेच्या उमरी शाखेवर छापा घातला आणि लाखो रुपये लढ्यासाठी नेले. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. निजामाच्या राज्यात १९४२ साली सुरू झालेली ती बँक पुढे स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली आणि १ एप्रिल २०१७ला भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. म्हणजे ज्या बँकेची तिजोरी एकेकाळी बंदुका घेऊन रिकामी केली, तिच्याच वारस बँकेपुढे आज या भागातली मुलं बोनाफाईड, फीचं पत्रक आणि वडिलांचा सातबारा घेऊन रांगेत उभी असतात. त्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ मूळचे शिक्षक, आणि १९९४ साली नांदेडला झालेल्या विद्यापीठाला नाव त्यांचंच.

आता थोडं मागे जाऊ. बँक नव्हती तेव्हा लोक शिकत कसे होते?

उमरी स्टेशनवर निजामाबादकडे जाणारी गाडी धरली की धर्माबाद मागे पडल्यावर बासर येतं. सरस्वतीचं देऊळ. मराठवाड्यातून आणि तेलंगणातून आईबाप लेकराला मांडीवर घेऊन पहिलं अक्षर गिरवायला तिथे येतात. शिक्षणाची ही पहिली पायरी स्वस्त आहे: पाटी, तांदूळ, दक्षिणा. पुढची प्रत्येक पायरी मात्र वेगाने महाग होत जाते, कारण एकाला शिकवायला लागणारा पसारा वाढत जातो. बाराखडीला एक गुरुजी आणि एक फळा पुरतो. डॉक्टर घडवायला मात्र आख्खं रुग्णालय उभं करावं लागतं, तेही रुग्णांसकट!

पण जुन्या काळी खरी अडचण शिकवण्याच्या खर्चाची नव्हती. परगावच्या शाळेत आलेल्या पोराने जेवायचं कुठे, ही होती. त्यावर आपल्याकडे निघालेला तोडगा आजच्या एखाद्या वित्ततज्ज्ञालाही सुचला असता की नाही, शंका आहे. वार लावून जेवायचं. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या, बुधवार तिसऱ्या. जरा थांबून बघा काय झालं ते. एका मुलाचं आठवडाभराचं जेवण सात घरांत विभागलं. कुणालाच जड नाही. एखाद्या घरी दुखणं-खुपणं निघालं तर पोराला एक दिवस उपास, पण शाळा चालू. पुढे मुलगा वकील झाला तर आनंद, नाही झाला तर सात घरांचं मिळून काही भाकऱ्यांचं नुकसान. धोका इतका बारीक वाटून घेतलेला, की तो जाणवतही नाही. आणि हे सगळं एकाही कागदाशिवाय.

फक्त ही सात दारं कुणासाठी उघडी होती, हे विचारू नये इतकी वाईट गोष्ट आहे. जात पाहूनच ताट वाढलं जाई. म्हणून तर राजर्षी शाहूंना १९०१पासून कोल्हापुरात एकेका समाजासाठी वसतिगृहं उभारावी लागली. ज्यांना कुठलंच दार उघडं नव्हतं, त्यांनी उच्च शिक्षणाचा खर्च कसा भागवला असेल?

एकाच माणसाचं उदाहरण घेऊ, कारण त्या एका आयुष्यात उच्च शिक्षणाचे पैसे उभे करण्याचे जवळजवळ सगळे मार्ग सापडतात. भीमराव आंबेडकर एल्फिन्स्टन कॉलेजात असताना बडोद्याचे सयाजीराव गायकवाड त्यांना महिना २५ रुपये देत. जून १९१३मध्ये बडोदा संस्थानाशी त्यांचा करार झाला. कोलंबिया विद्यापीठात तीन वर्षं शिकायला दरमहा साडेअकरा पौंड मिळणार आणि परत आल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी करायची. किती सुंदर रचना आहे! फेड रुपयांत नाही, आयुष्याच्या वर्षांत. शिकलेला माणूस हातचा जाणार नाही याची राजाला खात्री, आणि शिकणाऱ्याला नोकरीची.

तरीही ती रचना मोडली. करारात सगळं लिहिलं होतं. परदेशातून उच्च शिक्षण घेऊन आलेल्या या माणसाला बडोद्यात राहायला खोली कोण देणार, एवढंच लिहायचं राहिलं होतं. अस्पृश्य म्हणून कुणी थारा देईना, तेव्हा १९१७ साली ते नोकरी सोडून मुंबईला परतले. कोलंबियानंतर लंडनला सुरू केलेलं शिक्षण अर्धवट होतं. मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, पारशी मित्र नवल भथेना यांनी पाच हजार रुपये उसने दिले, आणि १९२०मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. शिष्यवृत्ती, नोकरीचा करार, राजाश्रय, बचत आणि उसनवारी असे पाच मार्ग एका माणसाला धुंडाळावे लागले, आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी कुणाच्या तरी मर्जीवर अवलंबून राहावं लागलं.

हे ज्याने स्वतः भोगलं, त्याने पुढे काय केलं पाहा. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना आंबेडकरांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी तिजोरीतून तरतूद मागितली, आणि १९४४मध्ये मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर जी ‘पोस्ट मॅट्रिक’ दिसते, तिचं मूळ तिथे आहे. राजाच्या मर्जीने मिळणारी रक्कम नियमाने मिळू लागली. शिक्षण वाया गेलं तर फटका आता सगळ्या देशाने थोडा थोडा सोसायचा. वाराच्या सात घरांऐवजी कोट्यवधी घरं, आणि दारावर जात विचारली जाते ती मदत नाकारण्यासाठी नाही, देण्यासाठी.

पुढची तीसेक वर्षं मराठवाड्यात हाच मार्ग रुंद होत गेला. नांदेडचं पीपल्स कॉलेज १९५०चं, औरंगाबादचं मिलिंद महाविद्यालयही १९५०चं. मराठवाडा विद्यापीठ १९५८चं. त्याच सुमारास राज्यात ईबीसी फी सवलत आली. आईबापांचं उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत असेल तर फी माफ. एका फॉर्मने एक पिढी शिकली. आजचे कितीतरी निवृत्त मुख्याध्यापक त्या फॉर्मचे देणेकरी आहेत.

इथे एक चमत्कार आहे, जो रोज डोळ्यांसमोर असून दिसत नाही. तालुक्याच्या गावातलं एखादं अनुदानित वरिष्ठ महाविद्यालय घ्या. तिथल्या मान्य पदांचे पगार सरकार देतं. सातव्या वेतन आयोगात नव्या सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतनच ५७,७०० रुपये आहे. भत्ते आणि अनुभव धरून सरासरी लाखभर समजा. तीस प्राध्यापक म्हणजे महिन्याला तीस लाख, वर्षाला ३ कोटी ६० लाख. विद्यार्थी हजार असतील तर डोई ३६,००० रुपये. बी.ए.चा मुलगा काही हजारांची पावती फाडतो आणि समजतो की आपण फी भरली! प्रत्यक्षात दरवर्षी त्याच्या खिशात न दिसणारे छत्तीस हजार घातले जातात. ना अर्ज, ना दाखला, ना सेतू केंद्राची रांग. जिची चाहूल मिळणाऱ्यालाच लागत नाही अशी ही शिष्यवृत्ती आहे.

मग १९८३ उजाडलं. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना राज्याने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडलं. सरकार पगार देणार नाही, संस्थेने आपलं आपण उभं राहावं. आणि ती न दिसणारी रक्कम एका रात्रीत दिसायला लागली, ती थेट विद्यार्थ्याच्या पावतीवर. प्रयोगशाळा, इमारत, यंत्रं वेगळीच. वर देणग्या सुरू झाल्या. त्या इतक्या बोकाळल्या, की १९८७ साली राज्याला कॅपिटेशन फीविरोधी कायदा करावा लागला. या निर्णयाने खेड्यातली हजारो पोरं इंजिनिअर झाली, हे खरं. आणि शिक्षणसम्राट नावाची नवी जमात जन्माला आली, हेही खरं. दोन्ही एकाच दारातून आले.

आता फी ठरवायची कुणी? हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि तिथे वर्षानुवर्षं राहिला. १९९३च्या उन्नीकृष्णन निकालात न्यायालयाने एक धाडसी योजना आखून दिली: निम्म्या जागा गुणवत्तेवर, नाममात्र शुल्कात, निम्म्या जास्त फी घेऊन. म्हणजे एका बाकावरचा मुलगा शेजारच्याचीही फी भरतो, आणि दोघांना एकमेकांचं नावही माहीत नसतं. सगळ्यात मोठी विसंगती अशी की, शहरात महागड्या शाळा-शिकवण्या लावून गुण मिळवलेल्याला स्वस्त जागा मिळे आणि खेड्यात थोडक्यात हुकलेल्याला महाग. २००२मध्ये टी. एम. ए. पै खटल्यात अकरा न्यायाधीशांच्या पीठाने ती योजना रद्द केली. संस्थेला वाजवी शिल्लक ठेवता येईल, नफेखोरी करता येणार नाही, असं सूत्र आलं. तेव्हापासून समित्या, आणि महाराष्ट्रात २०१५च्या कायद्याने शुल्क नियामक प्राधिकरण. संस्थेने लेखापरीक्षित खर्च दाखवायचा, प्राधिकरणाने तो तपासायचा आणि, ढोबळ सांगायचं तर, विद्यार्थ्यांच्या संख्येने भागायचा. फी म्हणजे शेवटी एक भागाकार आहे. वरचा आकडा मुख्यतः पगारांचा.

फी दिसू लागली, पण ती भरायला घरात पैसा होता का? विशेषतः कधी भरायची ते पाहा. प्रवेशफेऱ्या जून-जुलै-ऑगस्टमध्ये. उमरी तालुक्यातल्या घरात तेव्हा नुकतं बियाणं-खत आणून पेरणी झालेली असते. वर्षातला सगळ्यात रिकामा खिसा कोणत्या महिन्यात असतो हे शोधून काढून जणू ॲडमिशनची तारीख ठरवली आहे! सोयाबीनचे पैसे यायला दसरा-दिवाळी उजाडते. या दोन-तीन महिन्यांच्या फटीत सावकार उभा असतो, शेकडा तीनने. महिन्याला शंभराला तीन रुपये म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के. दीड लाखावर दरमहा साडेचार हजार फक्त व्याज.

आणि आता तो टेबलापलीकडचा साहेब. इंडियन बँक्स असोसिएशनने २००१ साली शैक्षणिक कर्जाची नमुना योजना आखली आणि रिझर्व्ह बँकेने ती सगळ्या बँकांना पाठवली. वेळोवेळी सुधारत आलेल्या या योजनेत तीन गोष्टी अशा आहेत, की वाचताना बँकवाल्यांनी हे लिहिलं यावर विश्वास बसत नाही.

पहिली: चार लाखांपर्यंत तारण नाही. साडेसात लाखांपर्यंतही मालमत्ता गहाण ठेवावी लागत नाही, त्यावर लागते. या सवलतीचं मोल शहरात कळणार नाही. शेतकऱ्याची सगळ्यात मौल्यवान गोष्ट म्हणजे जमीन, पण बँकांना तारण चटकन विकून वसुली करू देणारा २००२चा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागूच होत नाही. शेतकऱ्याच्या संरक्षणासाठी ठेवलेली ही तरतूद, आणि तिचाच दुसरा परिणाम असा की दहा एकरांचा मालक बँकेच्या नजरेत पुण्याच्या वन बीएचकेवाल्यापेक्षा गरीब ठरतो.

दुसरी: शिकताना हप्ता नाही. अभ्यासक्रमाचा काळ आणि वर एक वर्ष सवड.

तिसरी सगळ्यात गोड: सवडीच्या काळात सरळव्याज. पाचवी-सहावीच्या गणिताबाहेर सरळव्याज कुठे भेटतं का आयुष्यात? इथे भेटतं.

चला, आकडे मांडू. हिशेब सोपा जावा म्हणून व्याज दहा टक्के धरू. एखाद्या मुलाला इंजिनिअरिंगला वर्षाला दीड लाख लागतात. चार वर्षं, सहा लाख. बँक एकदम सहा लाख देत नाही; दरवर्षी दीड लाख थेट कॉलेजला पाठवते. पहिल्या दीड लाखावर पाच वर्षांचं व्याज ७५,०००. दुसऱ्यावर चार वर्षांचं ६०,०००. तिसऱ्यावर ४५,०००. चौथ्यावर ३०,०००. बेरीज २,१०,०००. म्हणजे पहिला हप्ता भरायच्या दिवशी सहा लाखांचे आठ लाख दहा हजार झालेले असतात. आणि तिथून पुढे चक्रवाढ.

दहा वर्षांत फेडायचं तर महिना १०,७०४ रुपये. एकूण सुमारे १२ लाख ८४ हजार. जड वाटतं? पंधरा वर्षं घ्या, महिना ८,७०४. दोन हजार वाचले! पण एकूण भराल सुमारे १५ लाख ६७ हजार. दरमहा दोन हजारांच्या आरामाची किंमत पावणेतीन लाखांच्या वर. आणि पंधरा वर्षांच्या योजनेतल्या पहिल्या हप्त्याचं पोट फाडून बघितलं तर आत काय सापडतं? ८,७०४मधले ६,७५० व्याजाचे. मुद्दल कमी झालं फक्त १,९५४ने. पहिला पगार झाल्यावर पेढे वाटून आलेल्या मुलाने हा तक्ता एकदा तरी पाहावा.

आता याच आकड्यांतली जादू. कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल आणि अभ्यासक्रम मान्यताप्राप्त संस्थेतला तांत्रिक किंवा व्यावसायिक असेल, तर सवडीच्या काळातलं व्याज केंद्र सरकार भरतं. ही योजना २००९-१०पासून आहे. सरकारने भरले २,१०,०००. मग हप्ता पडतो सहा लाखांवरच: ७,९२९, एकूण सुमारे ९ लाख ५१ हजार. मुलाचे वाचले ३ लाख ३३ हजार! सरकारने दोन लाख दहा हजार दिले आणि मुलाच्या हाती त्याच्या दीडपटीहून जास्त लागले. वरचे सव्वा लाख आले कुठून? ते त्या व्याजावर पुढे दहा वर्षं चढणारं व्याज होतं. मूळच छाटलं, म्हणून फांदी फुटलीच नाही.

अनुदान मिळत नसेल त्यांनी निदान एवढं करावं. पहिल्या वर्षी दीड लाखावर महिन्याचं व्याज होतं १,२५० रुपये. दुसऱ्या वर्षी २,५००. जमेल तितकं तेव्हाच भरत गेलं तर डोंगर उभाच राहत नाही, आणि नियमित भरणाऱ्याला दरातही एक टक्का सूट देण्याची तरतूद योजनेत आहे. या कर्जाच्या व्याजावरची प्राप्तिकर सवलत (८०-ई) मात्र मला फारशी कौतुकाची वाटत नाही. कर भरण्याइतकं कमावणाऱ्यालाच ती मिळते, आणि नव्या कररचनेत तीही नाही.

इतकं सगळं चांगलं आहे, तर अडतं कुठे? आपल्या प्रश्नाकडे परत या. फटका कुणाला? कर्जावर मुलाबरोबर सही असते बापाची, सहकर्जदार म्हणून. बापाचं पीककर्ज दुष्काळात थकलेलं, सिबिल (कर्जफेडीचे गुण) पडलेलं. २०१२च्या पावसाने दगा दिला त्याची शिक्षा मुलाच्या ॲडमिशनला होते. केरळ उच्च न्यायालयाने २०२३मध्ये सांगितलं की कमी सिबिल हे विद्यार्थ्याला शैक्षणिक कर्ज नाकारण्याचं कारण होऊ शकत नाही. पण उमरी ते केरळचं एर्नाकुलम अंतर बरंच आहे. आणि दुसरं: सवड संपली की हप्ता सुरू, नोकरी लागो न लागो. वीस हजारांवर लागलेल्या इंजिनिअरला १०,७०४चा हप्ता म्हणजे निम्म्याहून जास्त पगार गेला.

याहून शहाणी रीत असू शकते का? फ्रीडमनने सुचवलं होतं की कर्ज देऊच नका, मुलाच्या भावी कमाईत भागीदारी घ्या. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाने १९७१मध्ये याच धर्तीवर धाडस केलं. घेतलेल्या दर हजार डॉलरमागे उत्पन्नाचा ०.४ टक्का दरवर्षी द्यायचा, आणि गटातल्या सगळ्यांचं मिळून कर्ज फिटेपर्यंत देत राहायचं. कल्पना देखणी होती. झालं असं की श्रीमंत झालेले ठरलेली रक्कम एकरकमी भरून मोकळे झाले, काहींनी बुडवलं, आणि मधले बिचारे इतरांचंही फेडत बसले. काही वर्षांतच योजना बंद पडली. बिल क्लिंटनही त्या कर्जदारांत होते.

ऑस्ट्रेलियाने १९८९ साली नेमकं उत्तर शोधलं. ब्रूस चॅपमन या अर्थतज्ज्ञाची त्यात मोठी भूमिका. फी सरकार भरतं, मुलगा शिकतो. पुढे कमाई ठरावीक रेषेच्या वर गेली तरच कर खातं पगारातून ठरलेला हिस्सा कापतं. नोकरी गेली, कपात बंद. बाळंतपणासाठी घरी बसली, कपात बंद. वसुलीवाला दारात येत नाही, जामीनदाराची झोप उडत नाही. फसलेल्या शिक्षणाचा फटका पुन्हा सगळ्या देशात विभागला, पण यशस्वी झालेल्याकडून पैसे परतही घेतले. वार लावण्याची माया आणि बँकेचा हिशेब एकत्र!

आपण ते का उचललं नाही? कारण त्या यंत्राचं इंजिन आहे कर खातं, ज्याला प्रत्येकाची कमाई दिसते. आपल्याकडे बहुतेकांची कमाई त्याला दिसतच नाही. नांदेडच्या मोंढ्यात रोखीने मिळणाऱ्या दिवाणजीच्या पगारातून कोण काय कापणार?

म्हणून आपण वेगळी वाट घेतली, आणि तीही चकित करणारी आहे. नोव्हेंबर २०२४मध्ये केंद्र सरकारने पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. देशातल्या निवडक उत्तम संस्थांत (सुरुवातीला ८६०) प्रवेश मिळाला तर तारण नको, जामीनदार नको. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला ७५ टक्के हमी सरकारची. आणि उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जाच्या सवडकाळातल्या व्याजात तीन टक्के सूट. नीट पाहिलंत? इथे तारण ठेवलं आहे कॉलेजचं मानांकन! सातबाऱ्याच्या जागी राष्ट्रीय क्रमवारी आली. ज्याला आयआयटी मिळाली त्याच्यासाठी अफलातून. ज्याला जिल्ह्यातलं साधं कॉलेज मिळालं, आणि असेच जास्त असतात, तो मात्र अजून जुन्या नमुना योजनेच्याच नियमांत.

राज्याने २०२४च्याच जुलैत वेगळा निर्णय घेतला. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत, केंद्रीभूत प्रवेशफेरीतून प्रवेश घेतल्यास, शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. उमरीच्या एखाद्या शेतकऱ्याच्या मुलीसाठी याचा अर्थ काय? फीचा प्रश्न मिटला. उरलं राहणं, खाणं, पुस्तकं, लॅपटॉप. शैक्षणिक कर्जात हे सगळं बसतं, हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. वर्षाला पाऊण लाख धरा, चार वर्षांचे तीन लाख. चार लाखांच्या आत, म्हणजे तारणाचं नावच नको. वरच्या हिशेबाच्या बरोबर निम्मं, म्हणजे व्याज अनुदान मिळालं तर दहा वर्षं महिना ३,९६५ रुपये, तेही शिक्षण संपून वर्ष उलटल्यावर.

शाखेत छोट्या कर्जाच्या फाईलला कुणी उठून खुर्ची देत नाही. तीन लाखांना कागद तेवढेच लागतात, जेवढे परदेशाच्या तीस लाखांना. म्हणून अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवर करावा, म्हणजे नोंद राहते. आणि साहेबांनी ‘होत नाही’ म्हटलं तर नमुना योजनेतलं एक कलम नम्रपणे विचारावं: शैक्षणिक कर्जाचा अर्ज नाकारायचा तर शाखेला वरच्या अधिकाऱ्याची संमती घ्यावी लागते. ती घेतली आहे का?